रोटाची मूठ

हेमलतानं ओट्याखाली चपला काढल्या, पदर सावरला आणि ती उंबऱ्याशीच थांबली. आत एक बाई जमिनीवर बसून गहू पाखडत होती. उंबऱ्यावर सावली पडली तशी सूप थांबवून तिनं मान वर केली.

"कोण पाहिजे, मावशी? या ना आत."

"सुंदरबाईंचं घर ना हे?"

"हो. माझ्या आजेसासू त्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी दिपमाला, भूषणची बायको." तिनं पाट सरकवला. "तुम्ही?"

"समोरच्या घरात राहायचो आम्ही. फार पूर्वी. एसटीतल्या सावंत कारकुनांची मुलगी मी."

"बसा बसा. चहा टाकते. हात जरा गुंतलेत, उद्या कानबाई आहे ना आमची."

हेमलताला ते माहीत होतं. कानबाईच्या सणाचा, नागपंचमीनंतरचा रविवार बघूनच तिनं आदल्या दिवशीची धुळ्याची गाडी धरली होती. निघताना मुलगा म्हणाला होता, "आई, तिथं आता आपलं कोण आहे?" त्याच दुपारचं परतीचं तिकीट पर्समध्ये टाकून ती निघाली होती.

दारातून समोर पाहिलं तर तिचं घर नव्हतंच. तिथं तीन मजली इमारत होती, तिला लोखंडी फाटक होतं, आणि फाटकाला कुलूप.

देवपुरातल्या या गल्लीत तेव्हा कुलपं गावाला जातानाच लागत. उन्हाळ्यात एकीच्या अंगणात पापडांसाठी उडदाचं पीठ कुटलं जाई आणि साऱ्या बायका आपापलं पोळपाट काखेत मारून तिथं जमत. लाटणी चालत, गाणी चालत, आणि पोरं तेलात बुडवलेल्या लाट्या पळवत. कुठल्या घरी जेवायचं ते पोरं वासावर ठरवत, आणि कुणाच्याही आईला त्यात नवल वाटत नसे. शेजारचे तोतारामनाना ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोराला पाढे विचारत. पोर कुणाचं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

हेमलताची आई गेली तेव्हा ती पहिलीत होती. कोकणातले नातेवाईक आले, रडले, परत गेले. गल्लीनं बैठक घेतली नाही की कुणी 'बिचारी' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या घरातली कुंदाबाई तेलाची वाटी घेऊन तिची वेणी घालायला आली, संध्याकाळी नानांनी पाटी मागवली, आणि उरलेलं सगळं सुंदरबाईनं आपल्याकडे घेतलं.

त्याच वर्षीची कानबाई. रोटांसाठी, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी गहू काढायचे ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, एकेकाची एक मूठ. आणि ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. हे ठाऊक असल्यामुळे छोटी हेमलता उंबऱ्याबाहेर बसून नुसती पाहत होती. सुंदरबाईनं मुठी काढता काढता तिला आत ओढलं.

खाटेवरून सुंदरबाईचे सासरे गरजले, "परकी पोरले रोट चालत नही, सुंदर!"

"कोन म्हनस पोर शे? हाऊ मना आंडोर शे," सुंदरबाईनं हेमलताला मुलगाच ठरवून टाकलं आणि तिच्या डोक्यावर आपल्या लेकाची, हिलालची टोपी दाबून बसवली. "यानं नाव हेमलाल!"

आणि तिनं सुपात आणखी एक मूठ टाकली. सासऱ्यांनी टोपीखालच्या दोन वेण्यांकडे पाहिलं, मिशीत हसले आणि कूस बदलली.

वडिलांची बदली होईपर्यंत दरवर्षी हेमलाल रोट जेवला. ताटातली गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी तो हळूच शेजारच्या हिलालच्या ताटात सारत असे, आणि सुंदरबाई नेमकी तेव्हाच चुलीकडे बघत असे.

"घ्या मावशी." दिपमालानं कप पुढं केला. मग जरा घुटमळून म्हणाली, "उद्या जेवायला थांबा म्हटलं असतं, पण रोट बाहेरच्यांना..."

"माहीत आहे मला. माझी गाडीही आज दुपारचीच आहे."

"तरी चहा सावकाश घ्या. मी तेवढ्या मुठी काढून घेते, गिरणीवाला खोळंबलाय."

दिपमालानं डोक्यावरून पदर घेतला आणि पाटीतल्या गव्हांत हात घातला. ओठांतल्या ओठांत एकेक नाव आणि एकेक मूठ. "भूषण... हितेंद्र... चंदन... हेमलाल."

बशीत चहा सांडला.

"हेमलाल कोण गं?" हेमलतानं विचारलं.

"काय की मावशी! मी लग्न होऊन आले तेव्हा आजेसासूंनी नावं पाठ करून घेतली. म्हणाल्या, 'काहीबी होवो, हाई मूठ चुकू दिऊ नको.' सासऱ्यांना, हिलालनानांना विचारलं, तर ते होते तोवर नुसते हसायचे. सुरतेला निघून गेलेले कुणी चुलतसासरे असतील." तिनं खडा वेचून दाराबाहेर फेकला. "भलतेच आहेत बाई! कधी येणं नाही, फोन नाही. त्यांचा रोट आम्हीच वाटून खातो."

"राग येतो का त्याचा?"

"राग कशाचा? पण इतकी वर्षं मूठ निघतेय, तर माणसानं एकदा तरी यावं ना घरी."

हेमलतानं बशीतला चहा परत कपात ओतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याली. मग खांद्यावरची पर्स काढली, भिंतीशी ठेवली आणि पाट सुपाजवळ ओढून गव्हातले खडे निवडायला लागली.

"येईल तो उद्या," ती म्हणाली. "गंगाफळाची भाजी मात्र त्याला बेतानं वाढ."

दिपमालाचा हात गव्हांतच थांबला.