दार ओढ, मांजर येईल

"तुम्ही तिच्या कोण?" जोवीच्या आईने पुरिंगला विचारलं.

अंगणात ताडपत्रीखाली पत्त्यांचा डाव रंगला होता. मयत घरात असेपर्यंत माणसांनी जागं राहायचं, म्हणून पत्ते, कॉफी आणि गप्पा, ही तिकडची रीतच. आत पेटीच्या काचेखाली जोवी निजली होती. पांढरा झालरीचा झगा, ओठांना गुलाबी रंग. जन्मात कधी झगा न घातलेली पोर! उठली असती तर आधी तो झगा भिरकावून दिला असता तिने.

"टीमबरोबर आलेय," पुरिंग शेवटी म्हणाली. "पोरींच्या पायांना पट्ट्या बांधते मी."

"असं होय," आई म्हणाली आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

आता बोला! चार वर्षं ज्या पोरीला रांधून घातलं, तिच्या मयताला बिस्किट घ्यायचं, परक्यासारखं. पुरिंगने घेतलं. नाही म्हणणार तरी कुठल्या तोंडाने? ना नात्याची, ना गोत्याची.

पुरिंग रोहास गावच्या बाजारात सुकी मासळी विकायची. पन्नाशी उलटलेली, लग्न न झालेली, नाकाच्या शेंड्यावर राग. प्रांताच्या लीगमध्ये गावाची बायकांची बास्केटबॉल टीम उतरली, तेव्हा बाहेरगावच्या खेळाडू पोरींना घराघरांत वाटून दिलं. पुरिंगच्या वाट्याला ही जोवी आली. डोंगरापलीकडची, ताडमाड उंच, पाय तर असे की पुरुषांच्या चपला घालायची. पहिल्याच दिवशी पुरिंगने सुनावलं होतं, "हे बघ, मी काही तुझी आई नाही. ताट धुवायचं आणि दार ओढून जायचं."

ताट ती धुवायची. दार मात्र मेलीने कधी ओढलं नाही. पहाटे चेंडू आपटत सरावाला निघाली की मागे दार सताड उघडं, आणि शेजारचं बोकं आत. टोपलीतला मासा गेलाच म्हणून समजा. रोज पहाटे पुरिंग अंथरुणातून ओरडायची, "दार ओढ गं भवाने, मांजर येईल!" आणि गल्लीच्या टोकावरून हसत आवाज यायचा, "ओढते गं, ओढते!" बाकीच्या पोरी तिला 'मनांग' म्हणायच्या, थोरल्या बहिणीसारखा मान देऊन. जोवीही मनांगच म्हणायची, पण अगं-तुगं करून. पुरिंगला जगात 'अगं' म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

जोवीचा डावा घोटा कच्चा होता. तो पट्टीने बांधायला म्हणून पुरिंग मैदानावर जायला लागली आणि हळूहळू सगळ्याच पोरींचे पाय तिच्या मांडीवर आले. पुरुषांचे सामने संध्याकाळी, दिव्यांत, ढोलांच्या गजरात. बायकांचे भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली. बघायला चार आया आणि एक आइस्क्रीमवाला. पण जोवीने चेंडू टाकला की पुरिंग अशी किंचाळायची, की आइस्क्रीमवाला दचकून घंटी वाजवायचा.

नाताळाच्या सुट्टीत पोर घरी गेली. डेंगीने गाठलं आणि बघता बघता नेलं. पुरिंगला कोण कळवणार? कॅप्टन गेलियाने फोनवर कुणीतरी टाकलेला पेटीचा फोटो पाहिला, तेव्हा कळलं.

ती पेटीजवळ उभी राहिली. झाकण कमरेपर्यंतच उघडं होतं. चेहरा रंगवलेला, परका. तिच्या ओळखीचे होते ते पाय, आणि तेच नेमके झाकणाखाली. घोटा बघू द्या म्हणावं, असं फार वाटलं. पण कोण म्हणून म्हणावं? काचेवर डोळ्यांतलं पाणी पडू द्यायचं नसतं, म्हणून ती मागे सरली.

निघताना आईच तिच्याजवळ येऊन बसली. "बाई, तिकडे नीट जेवायची का हो ती?"

"दोन माणसांचं जेवायची," पुरिंग म्हणाली. "भाताचा तळ खरवडून."

आईला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. "तापात सारखं बडबडत होती. 'ओढते गं, ओढते दार. नाही येत मांजर.' मी म्हटलं, बाळा, आपल्याकडे कुठलं मांजर? तर पुन्हा तेच. शेवटपर्यंत तेच."

सांगावं का? पण जिची लेक गेली, तिच्याकडून शेवटचे शब्दही हिसकावून घ्यायचे? तिने त्या बाईचा हात हातात धरला. "तापात माणूस काहीही बोलतं हो," ती म्हणाली.

टीमची जीप परत निघाली. घाट उतरल्यावर ड्रायव्हर बालोंगने विचारलं, "कुठे थांबायचं? बेकरीपाशी थांबवतो."

थांबायचं तर होतंच. मयताच्या घरून कुणी सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी उतरायचं, चहा-पाव खायचा, म्हणजे मागे लागलेला आत्मा तिथेच घोटाळतो, आपल्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. पोरी भराभर उतरल्या. पुरिंग हलली नाही.

"मनांग, उतरा ना," गेलिया म्हणाली. "दोन मिनिटं."

"गुडघे दुखतात माझे."

"अहो, नुसता पाय टेकवा जमिनीला!" बालोंग ओरडला. "नाहीतर ती येईल मागोमाग. मग म्हणू नका, बालोंगने सांगितलं नाही."

"तू आपला पाव खा, बालोंग."

"एवढा हट्ट बरा नव्हे, मनांग. मेलेल्या माणसाशी..."

"जाऊ कुठे देऊ तिला?" पुरिंग एकदम फुटली. "बेकरीत सोडून जाऊ? माझं पोर आहे ते!"

बालोंगने हातातला पाव परत कागदात गुंडाळला. गेलिया जीपमध्ये चढली. पुरिंगच्या शेजारच्या जागेवर गेलियाची बॅग होती. ती उचलून तिने मांडीवर घेतली आणि समोर जाऊन बसली. रोहास येईपर्यंत पोरी दाटीवाटीने बसल्या, एकमेकींच्या मांडीवर बसल्या, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही.

दिवेलागणीला पुरिंग गल्लीच्या तोंडाशी उतरली. मागे वळून न बघता, पण सावकाश चालत राहिली, मागून येणाऱ्या कुणाचा पाय दुखत असावा तशी. कुलूप काढलं. दाराशी त्या मोठाल्या चपला होत्या. त्या तिने पायाने सरळ केल्या. मग दिवा लावला, तांदूळ धुतले, दोन माणसांचे, आणि मासळीची टोपली झाकायची राहिली.

बोकं आलं. उंबऱ्यावर थबकलं, पुरिंगकडे बघितलं. रोजचा झाडू भिंतीला टेकलेला होता. तिने त्याला हात लावला नाही. बोक्याने टोपलीतून चांगला जाडजूड मासा ओढला आणि तिच्यासमोरच खायला बसलं.

"खा रे बाबा," पुरिंग म्हणाली.

भात शिजत आला. दार उघडंच होतं.