ओबेर्तोने आणलेले तांबडे जोडे

लग्नाला चार दिवस राहिले असताना नवरदेव माझ्या मुलासाठी तांबडे जोडे घेऊन आला.

ओबेर्तो एकोणीस वर्षांचा, लोम्बार्दीच्या डोंगरातल्या एका गढीवाल्याचा सातवा मुलगा. त्याच्या घराण्याचे चारशे भालाईत सम्राटांना हवे होते, म्हणून सम्राटांच्या धाकट्या भावाची विधवा, म्हणजे मी, त्याला द्यायची ठरली. मला कुणी विचारलं नव्हतं. हा माणूस माझ्या लेओनवर हात उगारेल का, एवढंच मी निरखत होते.

पेटी उघडली तसा चार वर्षांचा लेओन पाय पुढे करून बसला. मी त्याला झटकन कडेवर उचललं. पण पाहुण्यांची यादी घेऊन आलेला कोस्मास, सम्राटांचा खोजा, दारातच उभा होता.

"रंग झकास आहे," तो म्हणाला. "मापही नेमकं दिसतंय. घालून बघा की, बाईसाहेब."

"यादी ठेवा तिथे."

"ठेवली. निघतो, राजवाड्यात जरा घाई आहे."

कॉन्स्टँटिनोपलमध्ये तांबडे जोडे सम्राटांच्या आणि त्यांच्या युवराजांच्याच पायात असतात. गेल्या वर्षी मेजवानीत कुणी दारूच्या भरात माझ्या चुलतदिरांना 'महाराज' म्हणालं, तर महिन्याभरात त्यांचे डोळे काढले. लेओन तर सम्राटांचा सख्खा पुतण्या.

"चामडं वाईट?" ओबेर्तोने विचारलं. आमची भाषा तो खलाशांकडून शिकला होता. "आमच्याकडे पोराला तांबडंच. दृष्ट लागत नाही."

"इथे डोळेच जातात," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "मी जातो. सांगतो, चूक माझी."

"मग विचारतील, तुला सुचवलं कुणी. माझं नाव येईपर्यंत विचारत राहतील. हे जोडे युवराजांना द्यायचे."

"मी खोटं नाही बोलणार. आणले लेओनसाठी."

"आणलेस, दिलेस, ते आता माझे झाले. मी कुणालाही देईन. तू ताट धर आणि गप्प राहा."

कोस्मास पालखीतून बाजारपेठेने गेला होता. आम्ही घराखालच्या धक्क्यावरून होडी घेतली. तरी पोचलो तेव्हा तो सम्राटांच्या कानाशी वाकलेला होता. मी गुडघे टेकले.

"महाराज, माझ्या लग्नातला पहिला आहेर युवराजांना."

"युवराज सहा महिन्यांचे आहेत, बाईसाहेब," कोस्मास गोड आवाजात म्हणाला. "हे चार वर्षांच्या पोराचे जोडे."

होडीत मला हाच प्रश्न पडला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. तेवढ्यात शेजारून ओबेर्तो बोलला.

"महाराज, आम्ही सात भाऊ. मापाचा जोडा मला कधी मिळाला नाही. आई म्हणायची, जोडा मोठाच बरा, पोर मागून वाढतं."

"आणि तोवर?" सम्राटांनी विचारलं.

"लोकर कोंबायची." त्याने उजवा बूट काढून उपडा केला. संगमरवरी फरशीवर मळकट लोकरीचा बोळा पडला. "हा थोरल्याचा. तो जाड आहे."

सम्राट हसले, मग दरबारही हसला. "कोस्मास, युवराज चार वर्षांचे होईपर्यंत हे जोडे तू सांभाळायचेस. हरवले तर तुझ्याकडूनच घेईन." मग माझ्याकडे वळून, तसेच हसत म्हणाले, "लेओन कुठे आहे?"

"घरी, महाराज. अनवाणी."

"तसाच बरा."

आम्ही परत होडीत बसलो. आजचं निभावलं होतं. पण लेओन पाचचा होईल, दहाचा होईल, आणि दर वेळी लोकरीच्या बोळ्यावर भागणार नाही.

"तुझे भालाईत कुणाचं ऐकतात?" मी विचारलं.

"थोरल्याचं. तटाबाहेर छावणीत आहे तो, त्यांच्याबरोबर."

"लग्नाआधी त्यांनी तुझं ऐकायला हवं. माझ्या पोरामागे चारशे भाले दिसले, तर कुणी त्याला हात लावताना विचार करेल. भावाला लिही. भाल्यांच्या बदल्यात सरहद्दीवरची जहागीर मी माझ्या स्त्रीधनातून त्याला देते म्हणावं."

"तो घासाघीस करेल."

"करू दे. मलाही येते."

ओबेर्तोने मान खाली घातली. "बाई, मला लिहिता येत नाही."

"मला येतं," मी म्हटलं आणि नावाड्याला वेगाने वल्हवायला सांगितलं.