घडीवर मापलेली होडी

मी कापते आणि हे शिवतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दुकानाला पंचवीस, आणि एवढ्या वर्षांत माझं माप चुकलं असं म्हणणारा माणूस जन्माला आलेला नाही. एकदा एक बाई म्हणाल्या होत्या, पण त्या महिनाभरात चार किलोनं वाढल्या होत्या. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

होडीचं वेड ह्यांचं. बावीस वर्षांपूर्वी एक दाढीवाला माणूस फाटलेलं शीड शिवायला घेऊन आला. उलगडलं तर दुकान भरून उरलेलं फुटपाथवर गेलं. हे तीन दिवस त्या कापडाखाली बसून शिवत होते, बाहेर नुसता मशीनचा आवाज यायचा. दाढीवाला स्टुलावर बसून सांगायचा, की छोट्याशा होडीतून वाऱ्यावर महिना महिना कसं जायचं, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, कुणाच्या बापाची भीती नाही. चौथ्या दिवशी शीड गेलं, पण ह्यांचं डोकं काही ठिकाणावर आलं नाही. मशीनच्या वर नकाशा लागला. काजं करता करता हे म्हणायचे, "जाऊया." मी म्हणायचे, "आधी बाह्या लावा."

यंदा लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि शेजारच्या चष्मेवाल्याला आमचं दुकान हवं झालं. त्याच आठवड्यात ह्यांनी एक होडी शोधून काढली. मालकीण दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त, गुडघे गेले म्हणून विकायला काढलेली. ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ह्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या, तरी हसत होते. मला ते बघवेना. म्हटलं, ह्यांचा एकदाचा निकाल लावून टाकू.

मी अट घातली. डॉक्टरीणबाईंकडून आतल्या खोलीचं माप मागवायचं, तेवढीच जागा घरात आखायची आणि त्यात पंधरा दिवस राहून दाखवायचं. भांडण झालं तर नकाशा खाली. नाही झालं तर दुकान चष्मेवाल्याला आणि होडी आपल्याला. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विषय संपेल. आम्ही दोघं मिठाच्या बरणीवरून भांडणारी माणसं.

कागद आला. बरोबर मधोमध उभी घडी घातलेला, एका अंगाला लिहिलेलं: लांबी तीन मीटर, रुंदी दीड मीटर. आता आमच्या धंद्यात घडी दिसली की कापड दुहेरी. दीड लिहिलं म्हणजे उलगडल्यावर तीन. हे शेंबडं पोरही सांगेल. सोबतच्या चित्रात होडी निमुळती दिसत होती खरी, पण चित्रावर मी कधीच जात नाही. चित्रातली बाई नेहमी सडपातळ असते, गिऱ्हाईक तसं नसतं. मी बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर बसून खडूनं तीन बाय तीन आखलं, पुढे थोडी गोलाई दिली आणि वरून पांढरी चिकटपट्टी मारली. ह्यांनी पट्टी लावून बघितली नाही. मी कापलेल्यावर हे कधीच पट्टी लावत नाहीत.

पट्टीच्या आत दोन गाद्या, एक शेगडी, दिवसाला दोन बादल्या पाणी. बाहेर पडायचं ते फक्त न्हाणीघर आणि दुकान यांच्यासाठी. बाकी सगळा समुद्र. पहिल्या संध्याकाळी नणंदबाई आल्या, वरच्या मजल्यावर राहतात, आणि सरळ चालत गादीपाशी येऊ लागल्या. हे ओरडले, "ताई, बुडशील." त्या जागच्या जागी थांबल्या आणि एक पाय वर धरला. मग मी त्यांना पाट टाकून दिला, तो झाला धक्का.

"वहिनी, ही होडी चौकोनी का?" त्यांनी विचारलं.

"होडीतलं तुम्हाला काय कळतं?" मी म्हटलं.

"मला नाही कळत. पण ही मला टोपली वाटते."

मी त्यांना चहा दिला नाही. पण सांगायची गोष्ट ही, की दुपार गेली, दुसरा दिवस गेला, आठवडा गेला आणि भांडण काही होईना. हे सकाळी उठून वारा कुठला ते पंख्याकडे बघून सांगायचे. मी अंडी उकडायचे आणि आज कुठलं बेट लागलं ते विचारायचे. कपाटाला आम्ही बेट ठरवलं होतं, सोफ्याला दुसरं. एकदा हे सोफ्यावरून चष्मा आणायला खरोखर पोहण्याचे हात मारत गेले, पंचावन्न वर्षांचा माणूस, पोटावर सरपटत. मी इतकी हसले की शेजारणीनं बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारलं. तिला दारातून आत यायची सोय नव्हती, पाणी फार होतं.

आणि मग मलाच ते वेड लागलं. पंधराव्या दिवशी मी दुकानात एका साहेबांच्या पँटचं कापड कापता कापता गुणगुणत होते. माझा आवाज मला ओळखू येईना. म्हटलं, अगं बाई, हे काय होऊन बसलं? मला जायचं होतं. ह्यांच्यासाठी नव्हे, मला स्वतःलाच जायचं होतं.

सोळाव्या दिवशी दुपारी आम्ही खऱ्या धक्क्यावर गेलो. डॉक्टरीणबाई टोपी घालून उभ्या, हातात दात बघायचा तो छोटा आरसा. त्यानं त्या होडीच्या कानाकोपऱ्यांतला गंज बघायच्या. म्हणाल्या, "चार वाजता आणखी एक जण येणार आहे. त्याच्याआधी हो की नाही ते सांगा. आता आत बघून या."

मी आधी उतरले. शिडीवरून पाय खाली टेकला आणि वळले, तर नाक फळीला लागलं. मागून हे उतरले आणि मला बाजूला व्हायला जागाच नव्हती. मी बसले तेव्हा ह्यांना उभं राहता आलं. हे दोन्ही हात पसरायला गेले, तर तळवे दोन्ही भिंतींना. ह्यांच्या गळ्यात टेप असतेच. ह्यांनी ती काढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरली. दीड मीटर. नुसता दीड.

घडी. कागदाची घडी, पाकिटात मावावा म्हणून घातलेली. आम्ही पंधरा दिवस दोन होड्यांत ऐसपैस लोळत होतो आणि त्याला संसार जमला म्हणत होतो.

ह्यांनी टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं चुकलं होतं आणि ते ह्यांच्या हातात होतं. ह्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली आणि वर डोकं काढून म्हणाले, "डॉक्टर, जरा लहान आहे. माप वाचताना माझी गफलत झाली."

मला इतका राग आला की काय सांगू. बावीस वर्षांचं वेड या माणसानं एका वाक्यात सोडलं, तेही माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन. आणि त्या रागाच्या आत मला ह्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं, की रडू आवरेना. मीही डोकं वर काढलं, तर ते ह्यांच्या डोक्यावर आपटलं.

"ह्यांनी नाही वाचलं," मी म्हटलं. "मी वाचलं. चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आला आहात तर एक फेरी मारा," त्या म्हणाल्या. "तोंड तरी गोड होईल."

शीड चढलं, वारा भरला आणि होडी एका अंगावर कलली. मी ह्यांच्या मांडीत पडले. उठले, तर हे माझ्या मांडीत. दोरी ओढायची तर आधी एकानं दुसऱ्याला ओलांडायचं, आणि ओलांडताना चपला तिसरीकडेच जायच्या. डॉक्टरीणबाईंनी सुकाणू माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, सरळ धरा. मी धरलं. कात्री सरळ रेषेत धरायची सवय पंचवीस वर्षांची, होडी सुतात निघाली. त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे." ह्यांच्या तोंडावर पाणी उडत होतं, मिशा भिजल्या होत्या आणि हे काहीतरी ओरडून सांगत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी मी हो हो म्हणत होते. दोघंही वेड्यासारखी हसत होतो.

परत आलो तर तो दुसरा माणूस धक्क्यावर येऊन थांबला होता. उतावळा असा, की होडीत चढायला बूट आधीच काढून हातात घेतलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार वाजले. काय ठरलं?"

ह्यांनी रुमालानं चेहरा पुसला. "घरी विचारून सांगतो."

दुकानात जे गिऱ्हाईक असं म्हणतं ते परत येत नाही, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक आहे. मी धक्क्यावर अर्धी चढले होते, ती तिथंच थांबले.

"घरी कुणाला विचारणार?" मी म्हटलं. "घरी मीच असते. विचारायचं ते इथं विचारा."

ह्यांनी रुमाल खिशात घातला. बावीस वर्षं हा माणूस जाऊया, जाऊया म्हणत होता. विचारलं कधीच नव्हतं, आणि मला ते त्या क्षणापर्यंत कळलंही नव्हतं.

"येशील?" हे म्हणाले. "दीड मीटरमध्ये?"

मी मान डोलावली. मग मी त्या दुसऱ्या माणसाकडे वळले आणि म्हटलं, "बूट घाला."