सांगून केलेली सोयरीक

"मान अशी कावून आहे जी याची?" श्यामरावांनी टोपलीवरचं फडकं पुन्हा उचलून पाहिलं.

टोपलीत बाळू होता. पांढरा ससा, मान डावीकडे कायमची कललेली, त्यामुळे तो सदा कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतो आहे असं वाटायचं.

"मागच्या साली कानाचा रोग झाला," देवराव म्हणाले. "रोग गेला, मान तशीच राहिली. कधी कधी गरगर फिरते अन् पडते. दात बी लय वाढतात, तीन हप्त्यांनी कापा लागते."

श्यामरावांनी फडकं नीट झाकलं. "मग नाही जमत जी. आमची मादी चांगली धडधाकट आहे. उद्या तिले काही लागलं त?"

मोहन नगरातून देवराव रामटेके सायकल हाकत मरोद्याला घरी परतले. हे तिसरं स्थळ हातचं गेलं होतं. देवराव स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. चोवीस वर्षं लोकांचे उशीर लिहिले, दोन मिनिटांचाही कुणाला माफ केला नाही. असा माणूस रविवार-रविवार सशासाठी जोडी शोधत फिरतो म्हटल्यावर कॉलनीला आयतंच कोलीत मिळालं. शेजारची शेवंता तर पाण्याच्या नळावर म्हणाली होती, "घरात पोरगी बसून आहे, अन् हे सशाचं जमवून राहिले!"

पण हौस म्हणून कोण फिरतं? हिवाळा लागताना बाळूची जोडीदारीण मेली आणि त्यानं खाणंच टाकलं. जनावरांच्या डॉक्टरनं, ज्याचा हात म्हशींवर बसलेला, बाळूला उलटसुलट करून सांगितलं, "बीमारी पुरानी है, उससे नहीं मरेगा। अकेलेपन से मरेगा। जोड़ी ला दो।" तेव्हापासून देवरावांची मुलगी विजया त्याला पालक वाटून चमच्यानं भरवत होती. तेवढ्यावरच तो तग धरून होता, आणि रोज थोडा हलका होत होता.

"मान सांगाचीच कशाला म्हणते मी?" देवराव टोपलीसकट घरात शिरताच त्यांची बायको प्रेमलाबाई कडाडल्या. "फडक्यात गुंडाळून न्या, तोंड तेवढं दाखवा. एकदा सोयरीक झाली की कोनी परत करते का?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या विजयाचा चमचा हातातच राहिला. प्रेमलाबाईंनी जीभ चावली. पण सुटलेला शब्द कुठं माघारी येतो?

हेच शब्द या घरात सहा वर्षांपूर्वी बोलले गेले होते. विजयाला तेराव्या वर्षापासून फिट यायची. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली की काही नाही, हसती-खेळती पोर. गोंदियाचं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत. प्रेमलाबाई म्हणाल्या, सांगायचं कशाला? आणि दोन मिनिटांचा उशीर न सोडणाऱ्या देवरावांनी मान हलवली. गोळ्यांची बाटली बांगड्यांच्या डब्यात लपवून सासरी गेली. अकरा माणसांच्या घरात नव्या सुनेनं रोज दोन वेळा बांगड्यांचा डबा उघडायचा तरी कसा? चार दिवस गोळी चुकली आणि पाचव्या दिवशी वाढता वाढता विजया पंगतीतच पडली. सासरा तिला परत आणून दुर्ग स्टेशनवर देवरावांच्या हवाली करून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बीमारीचं काही नाही जी. फसवल्याचं वाईट वाटलं." ते वाक्य देवरावांच्या छातीत खिळ्यासारखं रुतून बसलं होतं.

"पुढच्या रविवारी जामुलले जाऊन राहिलो," देवराव म्हणाले. "सिमेंट फॅक्टरीतला एक भैय्याजी ससे पाळते म्हणतात."

"मी येते," विजया म्हणाली.

पावर हाऊसच्या स्टॉपवर बस बदलून दोघं जामुलला पोचले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. झाडांची पानंसुद्धा सिमेंटच्या धुळीनं पांढरी झालेली. भैय्याजी अंगणात पिंजरा दुरुस्त करत होते. देवरावांनी टोपली ठेवली आणि बसायच्या आधीच सुरू झाले. कान, मान, चक्कर, दात, चमचा, डॉक्टर. एक गोष्ट सोडली नाही.

"अजून काही?" भैय्याजींनी विचारलं.

"नाही जी. एवढंच."

"एवढं सारं पहिलेच कावून सांगता? दुकानदार असा सांगत बसला त दुकान चालन का त्याचं?"

देवराव टोपलीचं फडकं नीट करू लागले. उत्तर विजयानं दिलं.

"एकदा नव्हतं सांगितलं. माझ्या लग्नाच्या टायमाले." मग ती भैय्याजींच्या बायकोकडे, गिरजाबाईंकडे वळली. "काकू, पाणी देता का थोडं? गोळीचा टाइम झाला. मले फिट येते."

बस लेट आहे, हे सांगावं इतक्या साध्या आवाजात ती बोलली. गिरजाबाईंनी तांब्या आणला. "पाण्यासंगच घे माय, चहा मग देते," एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

भैय्याजी उठले आणि मागच्या खोपटातून एक करडी मादी घेऊन आले. "मंग मी बी सांगून देतो. हिचा उजवा डोळा मुंगसानं नेला. पिल्लं होत नाही. वय झालं. शांत आहे मात्र. चालते का?"

"चालते जी," देवराव म्हणाले. त्यांनी टोपली पुढं सरकवली.

परतीच्या बसमध्ये टोपली विजयाच्या मांडीवर होती. बरंच अंतर गेल्यावर देवराव म्हणाले, "विजू, तवा सांगाले पायजे होतं मी."

"हो," विजया म्हणाली. "पायजे होतं."

'जाऊ द्या ना बाबा' असं ती म्हणेल, अशी देवरावांना आशा होती. ती म्हणाली नाही. म्हणाली नाही तेच बरोबर, असं त्यांना पुढच्या स्टॉपपर्यंत पटलंही.

दोन दिवस दोघं ससे दोन कोपऱ्यांत बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मादी उठली आणि बाळूच्या कललेल्या बाजूला जाऊन टेकून बसली. पालकाचं पान तिनं एका टोकानं खायला घेतलं. बाळूनं दुसरं टोक धरलं.

"बाबा!" विजयानं हाक मारली. चमचा तिनं धुऊन ठेवून दिला.

तेवढ्यात दारात शेवंताचा आवाज आला. "अवो, नवरी दाखवा ना आमाले!"

खिडकीत गोळ्यांची बाटली होती. जामुलहून आल्यापासून विजया ती तिथंच ठेवत होती. प्रेमलाबाईंचा हात सवयीनं तिकडे गेला. बाटली उचलून त्या बांगड्यांच्या डब्याकडे वळल्या.

"राहू दे," देवराव म्हणाले. "तिथंच राहू दे."

प्रेमलाबाईंनी बाटली परत खिडकीत ठेवली, पदरानं तिच्यावरची धूळ पुसली आणि दार उघडायला गेल्या.