सातव्या आवृत्तीतलं बारावं उदाहरण

"फार मिरवू नकोस, बाई. तुझ्याच पोटात आठवी वाढतेय," असं माझी बांधणी करणाऱ्या म्हाताऱ्याने मला छापखान्यातच बजावलं होतं. पण खळीने बरबटलेल्या हातांचं कोण ऐकतं? मित्रांनो, मी संख्याशास्त्राच्या जाडजूड पाठ्यपुस्तकाची सातवी आवृत्ती. माझी किंमत एका खोलीच्या भाड्याएवढी. स्वस्त पुस्तकांशी मी बोलतसुद्धा नव्हते.

मग आठवी आली. बाईसाहेबांचं कव्हर तेवढं निळं, आतलं सगळं माझंच. फक्त उदाहरणांचे क्रमांक इकडचे तिकडे. एवढ्या कर्तबगारीवर ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या टेबलावर चढली आणि मी रद्दीच्या दुकानात उतरले.

तिथून मला एका मुलीने उचललं. दिवसा कापडाच्या दुकानात काम, संध्याकाळी कॉलेज, घरी तान्हं बाळ. बाळ झोपेत जरा कण्हलं की ती माझ्या पानात बोट ठेवून त्याचा श्वास बघत राही, मग पुन्हा वाचू लागे. इतकं मनापासून मला कोणी वाचलं नव्हतं. सरांनी तर नाहीच.

सरांनी गृहपाठ दिला: चौथं प्रकरण, बारावं उदाहरण. तिने माझ्यातलं बारावं सोडवलं, अगदी अचूक. आठवीतलं बारावं निराळंच होतं. सरांनी भोपळा दिला.

"सर, पद्धत तर तीच आहे ना?"

"नवं पुस्तक घ्या, ताई. शिकायचं तर खर्च करावा लागतो."

सरांना त्यांची प्रत प्रकाशकाकडून फुकट येते. फुकट जेवून उठलेल्याने उपाशी माणसाला जेवणाचा दर सांगावा, तसली ही विद्वत्ता. शेजारच्या वर्गातल्या मॅडम मात्र काही प्राध्यापकांनीच लिहून सर्वांसाठी खुलं ठेवलेलं पुस्तक वापरतात. मोबाइलवर उघडतं, पैसे पडत नाहीत. गृहपाठाचं उदाहरण त्या स्वतः फळ्यावर पूर्ण लिहितात. सर म्हणतात, "फुकटच्या गोष्टीला दर्जा नसतो." नुसता क्रमांक सांगितला की खडू वाचतो त्यांचा, दुसरं काय.

चाचणी जवळ आली, निळ्या आठवीसाठी तिने पैसे जमवले, आणि तेव्हाच बाळाला ताप भरला. सासूबाई म्हणाल्या, "आधी दवाखाना बघ गं, मग तुझं ते निळं पुस्तक." त्यात चूक काय होती? तेव्हापासून मी पिशवीतच आहे. ती कॉलेजला गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांनी माझी कीव करू नये. मी रद्दीतच शोभते. पण पुढच्या सत्राचं पुस्तक ठरवण्याआधी ते खुलं पुस्तक निदान चाळून बघा. आणि त्याही आधी, तुमच्या वर्गात यायची कोणी थांबली असेल, तर तिला आजच फोन करा. बाळाचा ताप उतरला का ते विचारा, आणि पुस्तक नसलं तरी ये म्हणावं.