बाहेरचा वकील

वरठीत घराचा सौदा ठरला की लोक आधी घनश्याम वकिलाला फोन लावत आणि मग पाहुण्यांना. घेणाऱ्याचा वकील तोच, विकणाऱ्याचाही तोच. कोणी नवखा विचारायचा, असं कसं चालतं? तेव्हा तो पान तोंडात एका बाजूला सारून म्हणे, "लग्न लावणारा एकच असते नं गा? दोन आणले तं मांडवातच भांडण." स्टेशनापासून स्टील प्लांटच्या रस्त्यापर्यंत निम्म्या घरांची विक्रीपत्रं त्याच्या हातची, आणि त्यातल्या एकाही घरावरून भांडण झालं नाही असं सगळे छातीठोक सांगत. प्रतिक्षाला वाटे, भांडण झालं नाही, की झालेलं कोणी सांगितलं नाही? पण हे बोलून दाखवायला तिच्याजवळ माणूस कुठे होतं?

तिचा नवरा अतुल चिखल्याच्या मँगनीज खाणीत, ठेकेदाराच्या मशीनवर. ठेकेदाराच्या माणसाला कॉलनीत क्वार्टर मिळत नाही, म्हणून तो तिकडेच चौघांबरोबर एका खोलीत राही आणि रविवारी घरी येई. खाली खाणीत उतरला की त्याचा फोन लागायचा नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, मुलगी मैत्री अडीच वर्षांची होती, आणि 'आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं' हे वाक्य प्रतिक्षाला नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचं झालं होतं.

बोलायला एक मालनबाई तेवढ्या होत्या. त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत प्रतिक्षा भाड्यानं राही. मालनबाईंचे पती तेजराम रेल्वेत गँगमन होते, ते वारले त्याला चार वर्षं झाली. मुलगा मनिष नागपूरला. तो आता आईला कायमचं घेऊन जाणार होता, आणि घर बाहेरच्याला देण्यापेक्षा प्रतिक्षा-अतुललाच द्यायचं असं मालनबाईंनीच ठरवलं होतं. "घर ओळखीच्या हातात राहिलं पाह्यजे," त्या म्हणाल्या होत्या. "मंग मले तिकडं झोप येईन."

थंडीच्या दिवसांत दुपारी मालनबाई मागच्या अंगणात येऊन बसत. "काय करून राहिली वो? पोट्टी झोपली काय? ये इकडं, लाखोरीची भाजी खुडू." अशाच एका दुपारी, हातातल्या जुडीकडे पाहत, त्या काही कारण नसताना बोलून गेल्या.

"मले दोन लेकरं आहेत. मनिषच्या पाठची कामिनी. तुमसरले राह्यते. आपल्या मनानं लग्न केलन तिनं, सात वर्षं झाले. मनिषचे बाबा म्हणले, आजपासून आपल्याले एकच पोरगा. तवापासून मी बी लोकायले तसंच सांगतो." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुले सांगतलं. कोणाले सांगजो नको."

प्रतिक्षा नाही म्हणाली, आणि तिनं ते पाळलंही. अतुललासुद्धा सांगितलं नाही.

माघ लागला तेव्हा घनश्याम वकील मोटरसायकलवरून कागद घेऊन आला. मालनबाईंच्या पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली खाटेवर बसला. ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा नमुना आठ, कराची पावती आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र त्यानं एकावर एक ठेवलं. "मनिष आला की रजिस्ट्रीसाठी मोहाडीले जाऊ, एका दिवसात काम फत्ते."

"मी एकदा वाचू का?" प्रतिक्षानं विचारलं.

"वाचा, वाचा. शिकलेली सूनबाई आहे, वाचल्याशिवाय चहा बी नाही पिणार." तो मालनबाईंकडे पाहून हसला. मालनबाई हसल्या नाहीत.

प्रतिज्ञापत्र एकाच पानाचं होतं. मयत तेजराम यांचे आम्ही दोघेच कायदेशीर वारस असून आमच्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही. खाली मनिषची सही आणि मालनबाईंचा अंगठा आधीच घेतलेला. प्रतिक्षानं ती ओळ दोनदा वाचली आणि मान वर केली. मालनबाई कपातल्या चहाकडे बघत होत्या, जणू त्यात काही पडलंय.

"मी याच्या झेरॉक्स घेते," प्रतिक्षा म्हणाली.

"घ्या नं. पण बाई, एक सांगतो. माह्याकडं आलेल्या माणसाले आजपर्यंत कोर्टाची पायरी चढा लागली नाही."

दुसऱ्या दिवशी मैत्रीला कडेवर घेऊन ती ऑटोनं भंडाऱ्याला गेली आणि स्वतःच्या पायांनी कोर्टाची पायरी चढली. आपल्या बाजूनं कागद बघणारा एक वकील हवा, एवढंच तिच्या मनात होतं. तो कसा ओळखायचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुकानातली वांगी निवडावीत तसं निवडायचं तर वांगं निदान दाबून पाहता येतं.

म्हणून ती आवारातल्या झाडाखाली बसून राहिली आणि नुसती पाहत राहिली. मोठी पाटी असलेल्या खोलीतला वकील तिच्या आधीच्या माणसाशी बोलताना फोनवर दुसऱ्याशी बोलत होता. ती उठली आणि पुढे गेली. एका म्हाताऱ्या वकिलानं आपुलकीनं विचारलं, "वरठीचं घर? घनश्यामनं केलं नं? मंग कायले पाह्यचं." आणि न उघडताच फाइल परत दिली. तिसरी एक बाई होती. पत्र्याच्या शेडखाली टेबल, त्यावर पाण्याची बाटली आणि उलटा ठेवलेला चष्मा. समोरच्या शेतकऱ्याला ती एकच प्रश्न तीन तऱ्हेनं विचारत होती. शेतकरी कंटाळून गेला होता. ही, असं प्रतिक्षाला वाटलं.

रिता वकीलबाईंनी सगळे कागद वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. मैत्री शाईच्या पॅडकडे हात नेत होती. त्यांनी न बघता पॅड उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं.

"तेजराम यांना मुलं किती?"

"इथं लिहिलंय नं, एक."

"इथं काय लिहिलंय ते मी वाचलं. तुम्हाला विचारते. तुम्ही त्या घरात राहता."

प्रतिक्षानं मैत्रीला मांडीवर ओढून घेतलं.

"हे बघा ताई, ऑफिसात जाऊन मी जुन्या नोंदी काढीन. कोणाला विकलंय का, कर्जाचा बोजा आहे का, सगळं शोधीन. पण ज्या माणसाचं नाव कागदावरच घेतलं नाही, ते माणूस मला कागदात सापडत नाही. ते शेजाऱ्यालाच ठाऊक असतं."

"मी एक फोन करते," म्हणून प्रतिक्षा शेडच्या बाहेर आली. आप जिस व्यक्ति से. तिनं पुन्हा लावला. कॉलेजात असताना चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिनं मुलींच्या वारसाहक्कावर भाषण केलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. त्या भाषणातलं एक वाक्यसुद्धा आता कामाला येत नव्हतं. तिथं मालनबाई नव्हत्या, त्यांची लाखोरीची जुडी नव्हती, 'कोणाले सांगजो नको' नव्हतं. मैत्रीनं तिच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं आणि झोपेत तिचं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. उद्या कोणी घराबाहेर काढलं तर या पोरीला घेऊन कुठे उभं राहायचं?

ती परत आली. "एक मुलगी आहे. तुमसरला असते. कामिनी."

वकीलबाईंनी नाव लिहून घेतलं. पेनाचा आवाज झाला तेवढाच. "तिची सही लागेल," त्या म्हणाल्या. "विकणाऱ्यांत तिचं नाव घ्यावं लागेल आणि तिला मोहाडीला हजर राहावं लागेल. नाहीतर पुढे ती नाही आली तरी तिची पोरं येतील, आणि त्यांची काही चूक नसेल."

वरठीला पोचल्यावर प्रतिक्षानं मैत्रीला खाली सोडलं आणि सरळ पुढच्या दारातून आत गेली. मागून गेली असती तर तिचा धीर खचला असता. तिनं सगळं सांगितलं. मालनबाई भाकरीचं पीठ मळत होत्या, मळत राहिल्या.

"मावशी, मी वाईट मनानं नाही केलं. कागद पक्का नसला तर आमचं..."

"मी तुले कागदासाठी सांगतलं होतं काय?" मालनबाईंचा आवाज चढला नाही. "बोलाले कोणी नव्हतं म्हणून सांगतलं."

संध्याकाळी मनिषचा फोन आला. "वहिनी, आमच्या घरातली गोष्ट तुमी कोर्टात जाऊन सांगतली? घनश्यामभाऊ होते नं? बाहेरचा वकील कायले पाह्यजे होता? उद्या तिनं हिस्सा मांगला तं?"

"मग तिचा आहे तो, मनिषभाऊ," प्रतिक्षा म्हणाली. आपण हे बोललो याचंच तिला नवल वाटलं. पलीकडून फोन बंद झाला.

रविवारी अतुल आला. जेवताना म्हणाला, "अर्ध्या वरठीचे कागद त्या घनश्यामनं केले. काहून खाजवून काढलं?"

"मग राहू द्यायचं होतं का?"

त्यानं ताटातला भात कालवला. "मले नाही समजत ते," तो म्हणाला. "तू शिकली आहे." आणि हात धुऊन आडवा झाला, लगेच झोपलाही. सोमवारी पहाटेच्या गाडीनं तो परत गेला.

त्यानंतरचे पंधरा-सोळा दिवस प्रतिक्षाला एका आवाजाची सवय करून घ्यावी लागली: पुढच्या घरात माणूस वावरतंय, आणि आपल्याशी बोलत नाही, त्याचा आवाज. भांडं ठेवल्याचा. खोकल्याचा. मालनबाई दुपारी मागच्या अंगणात येईनाशा झाल्या. मैत्री दारात जाऊन "आजी, आजी" करी. त्या तिला आत घेत, हातावर गुळाचा खडा देत आणि परत दारापर्यंत आणून सोडत. उंबऱ्याच्या अलीकडे त्या यायच्या नाहीत. नळावरच्या बायकांनाही काहीतरी कळलं होतं. "तुमचा वकील भंडाऱ्याचा नं?" एकीनं विचारलं, आणि बाकीच्या बादल्यांकडे पाहू लागल्या. घराचा सौदा मोडला की आहे, हेही कोणी सांगेना. प्रतिक्षानं दुसरं घर बघायला म्हणून दोनदा मैत्रीला तयार केलं आणि दोनदा कपडे उतरवले.

एका दुपारी मालनबाई मागच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"त्या वकीलबाईले विचार," त्या म्हणाल्या. "सहीसाठी पोरीले मोहाडीले यावंच लागते काय? का घरी बसल्या होते?"

"यावंच लागते, मावशी. तिथं फोटो काढतात, अंगठा घेतात."

"मी बी राहीन नं तिथं? त्याच दिवशी?"

"हो. सगळे एकदमच."

मालनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मग ब्लाउजमधून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. कधीतरी कोणाकडून तरी मिळवलेला नंबर होता. घड्यांवर आकडे पुसट झाले होते. "तू बोल," त्या म्हणाल्या. "मले नाही जमणार. सांग, सहीपुरतं ये म्हणते आई."

प्रतिक्षानं फोन लावला. पलीकडची बाई बराच वेळ ऐकत राहिली, एकही प्रश्न न विचारता. मग म्हणाली, "मले हिस्सा नको. सही करून देतो. ऑफिसात येतो मी, घरी नाही येणार." फोन स्पीकरवर होता. मालनबाईंनी मान हलवली, जणू कामिनीला ते दिसत होतं.

मोहाडीच्या रजिस्ट्री ऑफिसात त्या दिवशी गर्दी होती. अतुलला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून घर प्रतिक्षाच्याच नावानं घ्यायचं ठरलं होतं. घनश्याम वकील तिथेच दुसऱ्या कोणाच्या कामाला आला होता. त्यानं लांबूनच हात जोडले, "जयभीम मालनबाई," आणि रिता वकीलबाईंकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. कामिनी नवऱ्यासोबत आली. चेहरा थेट मालनबाईंचा, फक्त केस काळे. आईच्या हट्टानं आलेला मनिष खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वकीलबाईंनी विक्रीपत्र मोठ्यानं वाचलं. लिहून देणार, एक, मालनबाई तेजराम. दोन, मनिष तेजराम. तीन, कामिनी, तेजराम यांची मुलगी. तिसऱ्या नावाला मालनबाईंनी डोळे मिटले.

फोटोसाठी एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवत होते. मालनबाई आत गेल्या तेव्हा बाकावर कामिनीच्या शेजारी प्रतिक्षा होती.

"माहं नाव तुमाले कोणं सांगतलं?" कामिनीनं विचारलं.

"मावशींनी."

"कागद निघाले म्हणून?"

"नाही. कागदाच्या आधी. अशाच बसल्या होत्या, आणि म्हणाल्या, मले दोन लेकरं आहेत."

कामिनी आतल्या खोलीकडे बघत राहिली. ऑपरेटर मालनबाईंना सांगत होता, आजी, इकडे कॅमेऱ्यात पाहा, खाली नको. "दोन म्हणली?" कामिनीनं विचारलं. एवढ्यात तिचं नाव पुकारलं. मायलेकी दारात समोरासमोर आल्या, अरुंद दार. मालनबाईंनी हात वर केला आणि कामिनीच्या दंडाला लावला, गर्दीत वाट काढताना लागतो तसा. "बारीक झाली," त्या म्हणाल्या. कामिनीनं मान खाली घातली आणि आत गेली. सही करून बाहेर आली तशी ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून निघून गेली. तुमसरचा रस्ता डावीकडे होता.

मनिष आईला तिथूनच नागपूरला नेणार होता. सामान सकाळीच गाडीत घातलं होतं. मालनबाई पुढच्या सीटवर बसल्या. प्रतिक्षा मैत्रीला घेऊन गाडीपाशी गेली. काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं, पण माफ करा म्हणावं तर केलेलं चूक नव्हतं, आणि न म्हणावं तर बाई चाललीच होती.

मालनबाईंनी काच खाली केली. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला.

"नळ सकाळी सहाले येते," त्या म्हणाल्या. "मंगळवारी येत नाही. आदल्या दिशी भरून ठेवजो."

दोन वर्षं ती त्याच नळावर पाणी भरत होती. "हो मावशी," ती म्हणाली, आणि आणखी काही सांगायचं राहिलं असेल म्हणून काचेजवळच उभी राहिली. मनिषनं गाडी सुरू केली.