एक नंबरचा अर्ज

“मावशी, तुमी व्हा पुढं. आमाले घाई नाही,” असं म्हणत उकंडराव रांगेत मागे सरकला, तेव्हा खिडकीआड अर्ज घेत बसलेल्या मुबीनाने मान वर केली. नव्या भाजी मंडईतल्या ओट्यासाठी आलेला माणूस आणि त्याला घाई नाही? सुभद्राबाईंना पुढे घालून तो मोजून सहा जणांच्या मागे उभा राहिला. आणखी मागे दोघे एकोणीस नंबरसाठी एकमेकांना कोपर मारत होते.

सुभद्राबाईंच्या अर्जावर तिने एक नंबर टाकला. मेथी-पालक विकणारी ही बाई दरवर्षी उजाडायच्या आत रांगेत यायची, पहिला नंबर लावायची, आणि सोडतीत तिचं नाव काही निघायचं नाही. मग वर्षभर रस्त्याकडेला पोतं टाकून बसायची. तीन वर्षं झाली.

उकंडरावची पाळी आली तेव्हा मुबीनाने विचारलं, “सातच नंबर काऊन पायजे भाऊ?”

“सात लागतेच ना मॅडम, दरसाली. एक कधीच लागत नाही.” तो हसला. “सोडत तुमी काढता अन् तुमालेच माहीत नाही?”

सोडतीचा प्रोग्रॅम तिचाच होता. कंत्राटावर लागली त्या पहिल्याच वर्षी लिहिलेला. कॉम्प्युटर प्रत्येक नंबरला गुण देई आणि वरच्या चाळिसांना ओटे मिळत. गुण दिसायला अगदी वाटेल तसे, पण कॉम्प्युटर ते एका सुरुवातीच्या आकड्यापासून हिशेब करून काढतो. त्याला सीड म्हणतात. सीड तोच, तर गुणही तेच. पहिल्या सोडतीला तिने तो घड्याळाच्या वेळेवरून घेतला होता. लोक म्हणाले, खरं असेल तर पुन्हा काढून दाखवा. पुन्हा काढली तर वेगळीच नावं आली, आणि खुर्च्या उडाल्या. तेव्हा तिथल्या तिथे तिने आकडा पक्का करून टाकला: १२३४. मग दहादा काढा, तीच नावं. लोक शांत झाले, तिचीही कॉलर ताठ झाली. पुढच्या वर्षी तो आकडा बदलायला हवा, हे मात्र या शहाणीच्या डोक्यात आलं नाही.

तिने गुण उघडून पाहिले. सात नंबरला शंभरात त्र्याण्णव. एक नंबरला दोन.

मंडई कमिटीचे सचिव किसनराव सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “यंदा बदलून टाक. मागचं कायले उकरतं? बोललीस तं तीन वर्सांचे ओटेवाले अंगावर येतीन. अन् पयले घरी तू जाशीन.”

दुपारी सोडतीच्या वेळी मुबीनाने गर्दीतल्या चौघांकडून एकेक आकडा मागितला, फळ्यावर लिहिला आणि तोच सीड म्हणून टाकला. उकंडरावचा सात नंबर गेला. एक नंबर लागला.

तासाभराने सुभद्राबाई पेढे घेऊन ऑफिसात आल्या. किसनरावांना एक दिला, मग मुबीनापुढे पुडा धरला.

“घे माय. आता पटलं मले. पोराचं लगन झालं त्याच साली माहा पयला नंबर हुकला. तवापासून म्हनून राह्यली मी, सून पांढऱ्या पायाची हाय. दिवाळीले डिंपलले धाडून देलं जळगाव जामोदले, तिच्या बापाकडं. अन् पाय, ओटा लागला.”

मुबीनाने किसनरावांकडे पाहिलं. त्यांनी बारीक मान हलवली, नको म्हणून. तिला भीती वाटली. घरात तिचाच पगार येत होता. पण लाज त्याहून जास्त वाटली.

“मावशी, तिचा काही संबंध नाही. माह्या हातून चूक झाली. एक नंबर तीन वर्सं लागनारच नव्हता. तुमच्या जागी कोनी बी असतं, तरी नसता लागला.”

किसनराव उठले आणि अध्यक्षांना फोन लावत बाहेर गेले.

सुभद्राबाईंनी पुडा हळूच टेबलावर ठेवला. “तिन्ही साल?”

“हाव.”

“घरात म्हैस मेली तरी मी तिलेच बोलली,” त्या म्हणाल्या. “उलटून एक शब्द नाही बोलली पोरगी.” त्यांनी पदर सारखा केला. “जळगाव जामोदची यष्टी किती वाजता हाय?”

“पाचले. पन मावशी, उद्या ताबा हाय. सही लागते तुमची. फोन करा ना तिले.”

“फोनवर नाही म्हनता येत हे. दुपारलोक थांबजो.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “ओट्याच्या पावतीवर दोघींचं नाव टाकता येते का? माह्यं अन् तिचं?”

“येते,” मुबीना म्हणाली.

असा नियम आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. उद्या आपण या खुर्चीत असू की नाही, हेही माहीत नव्हतं. तिने कोरी पावती पुढे ओढली आणि आजच दोन्ही नावं लिहून ठेवली.